शोभराज, चार्ल्स

शोभराज, चार्ल्स : (६ एप्रिल १९४४ – ). रत्नांच्या चोऱ्या, तोतयेगिरी, विषप्रयोग व खून यांबद्दल आशिया खंडात कुप्रसिद्ध झालेला फ्रेंच गुन्हेगार. जन्म सायगाव (व्हिएटनाम) येथे. त्याचे वडील हिंदी व्यापारी (सिंधी) व आई व्हिएटनामी. आईवडिलांचा रीतसर विवाह झालेला नव्हता. पुढे आईने तेथील फ्रेंच सैन्यातील एका अधिकाऱ्याशी विवाह केला आणि चार्ल्सचे बालपण सायगाव व फ्रान्स यांच्या दरम्यान हेलकावे खात गेले. सावत्र वडिलांनी त्याचा सांभाळ केला, परंतु त्या घरात तो रुळला नाही. कोणत्या देशाचा नागरिक, हा प्रश्नही त्याच्या बाबतीत बराच काळ अनिर्णित होता. ज्याच्या स्वतःच्या नागरिकत्वाचा असा घोळ होता, त्याने पुढे इतरांच्या पारपत्रांवर आयुष्यातील बरीच वर्षे काढली, ही गोष्ट त्याच्या चरित्रकारांच्या नजरेतून सुटलेली नाही. तथापि अशा परिस्थितीत वाढलेली असंख्य मुले सरळ मार्गाने गेली, हेही तितकेच खरे. बालपणातील दुःखांनी त्याच्या कृत्यांचा उलगडा होतो, असे मानण्याचे कारण नाही.

घरफोडीबद्दल त्याला १९६३ मध्ये फ्रान्समधील प्वासी येथील तुरुंगात पहिली मोठी शिक्षा भोगावी लागली. तुरुंगाधिकाऱ्यांना खूष ठेवून सवलती मिळविणे आणि बाहेरच्या सुखवस्तू लोकांची सहानुभूती संपादन करणे, या दोन गोष्टी तो तेथेच शिकला. सुटकेनंतर पॅरिसमध्ये तो एकाच वेळी उच्चभ्रू समाजात आणि गुन्हेगारांच्या वर्तुळात वावरत असे. विवाहानंतर १९७० मध्ये अटक टाळण्यासाठी तो पत्नीसह फ्रान्सबाहेर पडला व खोट्या कागदपत्रांच्या आधारे पूर्व यूरोपमार्गे मुंबईस आला. येथेच त्याला एक मुलगी झाली.

त्या काळातील मुंबई अशा माणसाला सोयीची होती. परदेशी मोटारी, घड्याळे व चैनीच्या वस्तू यांच्या आयातीवर कडक निर्बंध होते. १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण अधिनियमामुळे मुंबईच्या झवेरी बाजारापासून जळगावसारख्या पेठांपर्यंत सराफी व्यवहार जखडले गेले होते. साहजिकच चोरट्या आयातीला भाव आला होता. शोभराज परदेशांतून चोरीच्या मोटारी आणून येथील धनिकांना विकू लागला. उत्तम पोशाख, अस्खलित फ्रेंच व कामचलाऊ इंग्रजी, मृदू बोलणे आणि बड्या हॉटेलांतील वास्तव्य यांमुळे त्याच्याविषयी कोणाला संशय येत नसे. मिळालेला पैसा मात्र जुगारात जाई. जुगाराचे हे व्यसन त्याला अखेरपर्यंत सुटले नाही व एकदा त्यानेच त्याला गजाआड नेले.

दिल्लीच्या अशोक हॉटेलमधील जवाहिऱ्याच्या दुकानावरील १९७१ चा दरोडा हा त्याचा भारतातील पहिला गाजलेला गुन्हा होय. दुकानाच्या वरच्या मजल्यावरील खोलीत उतरलेल्या एका परदेशी नर्तिकेला ओलीस धरून त्याने व त्याच्या साथीदारांनी जमीन पोखरून खाली उतरण्याचा खटाटोप केला. तो साधला नाही, तेव्हा शस्त्राचा धाक दाखवून रत्ने हस्तगत करण्यात आली. विमानतळावर संशय येताच मात्र त्याला लुटीवर पाणी सोडून पळ काढावा लागला. थोडक्यात, रत्नचोर म्हणून ख्याती पावलेल्या या माणसाची सर्वांत प्रसिद्ध रत्नचोरी फसलेली होती. त्यानंतर मुंबईत आणखी एका दरोड्याची तयारी चालू असल्याची खबर मुंबई पोलिसांना मिळाली. मधुकर झेंडे या मराठी पोलीस अधिकाऱ्याने नोव्हेंबर १९७१ मध्ये ताजमहाल हॉटेलपाशी पाळत ठेवून त्याला पकडले. त्याच्याजवळ पिस्तूल सापडले. झेंडे यांनी त्याचा चेहरा, चालण्याबोलण्याची ढब व सवयी तेव्हा जवळून न्याहाळल्या; त्यांचा उपयोग पंधरा वर्षांनी व्हायचा होता. दिल्ली पोलिसांच्या स्वाधीन केल्यावर शोभराजने आंत्रपुच्छाच्या दुखण्याची बतावणी करून रुग्णालयात प्रवेश मिळविला आणि भारत-पाकिस्तान युद्धाच्या धामधुमीत तेथून पळ काढला. आजाराचे सोंग आणि पहारेकऱ्यांना गुंगीचे औषध, ही त्याची सुटकेची ठरीव रीत होती. काबूलमध्ये व ग्रीसमध्ये तिच्याच पाठभेदांनी तो निसटला. ग्रीसमधील प्रकरणात त्याचा सावत्र भाऊ मागे राहिला व त्याला तुर्कस्तानात दीर्घ शिक्षा भोगावी लागली.

गुन्ह्यांची पद्धती : दरोडा हे त्याचे खरे क्षेत्र नव्हे, हे बहुधा अशोक हॉटेलच्या प्रकरणानंतर त्याच्याही ध्यानात आले असावे. १९७५ मध्ये तो बँकॉक येथे ‘आलँ गोत्ये’ हे नाव धारण करून रत्नांचा व्यापारी म्हणून राहू लागला. ही निवड विचारपूर्वक केलेली होती. थायलंड हे माणिक व नीलम यांच्या खाणींसाठी व पैलू पाडण्याच्या व्यवसायासाठी प्रसिद्ध आहे. रत्ने आकाराने लहान, मोलाने मोठी व लपविण्यास सोपी असतात. दागिना मोडून खडा सुटा केला की त्याची ओळख पटविणे अवघड जाते आणि त्याचा भाव सामान्य गिऱ्हाइकाला ठरविता येत नाही. रत्नांच्या व्यापाऱ्याने रोकड बाळगली, वारंवार देश बदलले, अनोळखी लोकांना घरी बोलावले, तरी कोणाला त्यात वावगे वाटत नाही. येथे स्वस्तात घेतलेले खडे यूरोपात दुप्पट-तिप्पट भावाने खपतील, हे आमिष दाखविणे त्याला सोपे गेले. त्याच्या हाती रत्ने ही लूट होती त्यापेक्षा आमिष अधिक होती.

या आमिषाला बळी पडणारा वर्गही तेव्हा विपुल होता. इस्तंबूलहून इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तानमार्गे दिल्ली, काठमांडू व गोवा आणि पुढे बँकॉकपर्यंत हजारो पाश्चात्त्य तरुण-तरुणी अल्प खर्चात भटकत असत. त्यांतील बहुतेकांचा मुक्काम ठरलेला नसे. घरी पत्र पोचण्यास आठवडे लागत. प्रवासी धनादेश व पारपत्र एवढीच त्यांची मत्ता असे. पारपत्रावरील छायाचित्र चिकटवलेले असे व ते काढून दुसरे लावणे कसबी माणसाला कठीण नव्हते. देशोदेशींच्या पोलिसांत संगणकाने जोडलेली यंत्रणा नव्हती. इंटरपोलकडे माहिती पोचेपर्यंत गुन्हेगार दुसऱ्या देशात तिसऱ्याच नावाने वावरत असे.

अशा प्रवाशांशी शोभराज मैत्री करी, त्यांना आपल्या निवासस्थानी आणी आणि पेयातून गुंगीची व जुलाबाची औषधे देई. ते आजारी पडले की तोच त्यांची शुश्रूषा करी. शुद्धी हरपलेल्या पाहुण्याचे पारपत्र व पैसे त्याच्या हाती येत आणि आजार त्यानेच घडविलेला आहे, याची जाणीव नसलेला पाहुणा उलट त्याच्या उपकाराखाली दबून राही. काही जण बरे होऊन त्याचे अनुयायी बनले, काहींचे प्राण गेले. प्रवाशाचा विश्वास संपादन करून त्याच्या सोबतीने मुक्काम करावयाचा आणि निर्धास्त क्षणी त्याचा घात करावयाचा, ही रीत भारतीय वाचकाला अपरिचित नाही. एकोणिसाव्या शतकातील ठगांची कार्यपद्धती मूलतः हीच होती [→ ठग]. ठगांमागे मात्र पिढ्यान्‌पिढ्यांचा संघ होता. शोभराजची टोळी म्हणजे त्याच्या प्रभावाखालील दोनतीन माणसे, आणि तीही सतत बदलणारी. मारी-आंद्रे लक्लेर ही कॅनडियन तरुणी व अजय चौधरी हा भारतीय तरुण हे त्यांपैकी प्रमुख होत. १९७६ मध्ये रत्नांच्या व्यवहारासाठी शोभराजबरोबर मलेशियात गेलेला चौधरी त्यानंतर पुन्हा दिसला नाही.

ऑक्टोबर १९७५ पासून काही महिन्यांत थायलंडमध्ये अमेरिकन, तुर्की, फ्रेंच व डच अशा अनेक तरुण प्रवाशांची प्रेते सापडली. कोणी बुडून मेलेले, कोणाचा गळा आवळलेला, कोणाला जाळलेले. पोहण्याच्या पोशाखात सापडलेल्या स्त्रियांच्या प्रेतांवरून वृत्तपत्रांनी खुन्याला ‘बिकिनी किलर’ हे नाव दिले. त्याच्या निसटण्याच्या हातोटीवरून पुढे ‘सर्पंट’ (साप) हे नावही रूढ झाले. डिसेंबर १९७५ मध्ये तो काठमांडूत होता. तेथे एक अमेरिकन तरुणी व एक कॅनडियन तरुण यांची जळालेली प्रेते मिळाली. त्या वेळी तो बँकॉकमध्ये मारल्या गेलेल्या एका डच तरुणाचे पारपत्र वापरीत होता. एकूण बळींच्या संख्येबाबतचे अंदाज बारापासून वीसहून अधिकपर्यंत जातात. त्यांतील फारच थोडे खून न्यायालयात सिद्ध झाले. १९७७ च्या सुमारास दिलेल्या मुलाखतींत त्याने अनेक खुनांची कबुली दिली व नंतर ती सर्व नाकारली, त्यामुळे त्याच्या स्वतःच्या शब्दांवर विसंबून राहता येत नाही.

या खुनांचा माग पोलिसांनी काढला नाही, तर बँकॉकच्या डच वकिलातीतील हेर्मान क्निपेनबर्ग या कनिष्ठ राजनैतिक अधिकाऱ्याने काढला. एका डच जोडप्याची नियमित येणारी पत्रे थांबल्याने त्यांच्या कुटुंबीयांनी चौकशी केली, हे त्याचे निमित्त. दोन जळालेली प्रेते बेपत्ता ऑस्ट्रेलियन जोडप्याची म्हणून नोंदली गेली होती. ते जोडपे जिवंत असल्याचे आढळल्यावर क्निपेनबर्ग यांनी प्रेतांची ओळख नव्याने पटविली. शोभराजच्या शेजाऱ्यांच्या साहाय्याने त्यांनी पुरावे गोळा केले. मार्च १९७६ मध्ये थाय पोलिसांनी छापा घातला खरा, पण दुसऱ्याच्या पारपत्रावर आपण अमेरिकन असल्याचे सांगून शोभराज सुटला व देशाबाहेर गेला. त्यानंतर त्याच्या रिकाम्या घरात बळींची कागदपत्रे व औषधांचे साठे मिळाले. क्निपेनबर्ग यांनी ही कागदपत्रे पुढे अनेक वर्षे जपून ठेवली.

भारतातील अटक व कारावास : जुलै १९७६ मध्ये दिल्लीतील विक्रम हॉटेलात उतरलेल्या फ्रेंच विद्यार्थ्यांच्या एका गटाशी त्याने वाटाड्या म्हणून संधान बांधले आणि अतिसारावरील प्रतिबंधक म्हणून त्यांना गोळ्या दिल्या. औषधाचे प्रमाण चुकले. विद्यार्थी आपापल्या खोल्यांत जाण्यापूर्वीच जागच्या जागी कोसळू लागले. शुद्धीवर असलेल्यांनी प्रकार ओळखून त्याला धरून ठेवले व पोलिसांच्या हवाली केले. दिल्लीत विषबाधेने मरण पावलेल्या एका फ्रेंच प्रवाशाच्या प्रकरणात सदोष मनुष्यवधाबद्दल आणि विद्यार्थ्यांवरील विषप्रयोगाबद्दल मिळून त्याला बारा वर्षांची शिक्षा झाली. लक्लेर हिलाही शिक्षा झाली. कर्करोग जडल्याने तिला मायदेशी जाऊ देण्यात आले व १९८४ मध्ये ती मरण पावली.

तिहार तुरुंगात त्याला अटकेपासून पायांत लोखंडी दांड्यांच्या बेड्या (दंडाबेडी) घातलेल्या होत्या व खटल्याचा निकाल लागण्यापूर्वीच त्याने त्या सु. दोन वर्षे वागविल्या. याविरुद्ध त्याने सर्वोच्च न्यायालयात केलेली याचिका सुनील बत्रा या मृत्युदंडाच्या कैद्याच्या याचिकेबरोबर सुनावणीस आली. सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ऑगस्ट १९७८ मध्ये निर्णय दिला. १८९४ च्या तुरुंग अधिनियमातील बेड्यांसंबंधीचे कलम न्यायालयाने रद्द केले नाही. पण बेड्या हा अपवादात्मक उपाय असून त्यासाठी सबळ कारण हवे, कारणांची नोंद हवी व कैद्याला दिवसरात्र बेमुदत जखडून ठेवता येणार नाही, असे स्पष्ट केले. शोभराजच्या बेड्या तत्काळ काढण्याचा आदेश झाला. कैदी झाल्याने माणूस मूलभूत हक्कांना सर्वस्वी मुकत नाही, हे तत्त्व भारतीय कायद्यात दृढ करणाऱ्या निर्णयांत याची गणना होते आणि विधीच्या विद्यार्थ्यांना तो आजही अभ्यासावा लागतो. हा हक्क मागणाऱ्याने स्वतः इतरांना कोणती वागणूक दिली, हा प्रश्न न्यायालयासमोर नव्हता; तो नसणे हेच कायद्याच्या दृष्टीने योग्य होते.

बेड्या निघाल्यावर तुरुंगातील त्याचा दिनक्रम कैद्याचा राहिला नाही. लाच देऊन त्याने उत्तम अन्न, दूरचित्रवाणी संच व हवे तेव्हा अभ्यागत अशा सोयी मिळविल्या. १६ मार्च १९८६ रोजी, रविवारी, वाढदिवसाचे निमित्त काढून त्याने पहारेकऱ्यांना गुंगीचे औषध घातलेली मिठाई वाटली आणि काही कैद्यांसह तो मुख्य दरवाज्यातून बाहेर पडला. या पलायनाने देशभर खळबळ उडाली. मुंबई पोलिसांनी शोधाचे काम झेंडे यांच्यावर सोपविले, कारण शोभराजला पूर्वी प्रत्यक्ष पकडलेले तेच होते. तो गोव्यात असल्याचा सुगावा लागल्यावर झेंडे यांचे पथक तेथे पोचले. परदेशी दूरध्वनी करता येईल अशी ठिकाणे गोव्यात तेव्हा मोजकीच होती. पर्वरी येथील ‘ओ कोकेरो’ हे उपाहारगृह त्यांपैकी एक. तेथे पथकाने साध्या वेशात पाळत ठेवली. ६ एप्रिल १९८६ च्या रात्री शोभराज एका ब्रिटिश साथीदारासह तेथे आला. उन्हाळी टोपी व बदललेले रूप असूनही झेंडे यांनी त्याला ओळखले व त्याच्या नावाने हाक मारीत मागून मिठी घातली. जवळ बेड्या नसल्याने उपाहारगृहातील दोर घेऊन त्याला बांधले व रातोरात मोटारीने मुंबईकडे आणले. तिहारमध्ये साजरा झालेला वाढदिवस खोटा होता. खरा वाढदिवस त्या रात्री होता.

या पलायनाचा हेतू वेगळाच असावा, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. थायलंडने खुनांच्या आरोपांवरून त्याची मागणी केलेली होती आणि तेथे मृत्युदंडाचा संभव होता. भारतातील मूळ शिक्षा संपताच त्याचे प्रत्यार्पण होणे अपेक्षित होते. पलायनाबद्दल झालेल्या नव्या कारवाईमुळे त्याचा भारतातील तुरुंगवास लांबला. तो १७ फेब्रुवारी १९९७ रोजी सुटला, तेव्हा थाय कायद्यातील वीस वर्षांची कालमर्यादा उलटून गेलेली होती. पळून जाऊन पकडले जाण्यातच त्याचा लाभ होता, असा याचा अर्थ होतो. इतका दूरचा हिशेब त्याने खरोखर मांडला होता की पळण्याच्या जुन्या सवयीने तो पळाला, याविषयी मतभेद होऊ शकतात; गोव्यात तो फारसा लपून राहत नव्हता, ही बाब पहिल्या तर्काला पुष्टी देते. परिणाम मात्र निर्विवाद आहे. बँकॉकमधील खुनांबाबत त्याच्यावर कोणत्याही न्यायालयात खटला चालला नाही, आणि त्या तरुणांच्या नातेवाइकांना निकाल ऐकावयास मिळाला नाही.

नेपाळमधील शिक्षा : भारतातून फ्रान्सला पाठविण्यात आल्यावर तो पॅरिसमध्ये मुलाखती व आपल्या जीवनकथेचे हक्क विकून पैसा मिळवीत राहिला. २००३ मध्ये तो काठमांडूस गेला. ज्या मोजक्या देशांत त्याच्यावर अजूनही खटला चालू शकत होता, त्यांपैकी नेपाळ हा एक होता. तरीही तो तेथे उघडपणे हिंडत होता. एका स्थानिक वार्ताहराने त्याला ओळखले, वृत्तपत्रात बातमी आली आणि सप्टेंबर २००३ मध्ये पोलिसांनी त्याला हॉटेलातील जुगारघरात पकडले. १९७५ मध्ये आपण नेपाळात आलोच नव्हतो, हा त्याचा बचाव होता. परंतु हॉटेलातील जुन्या नोंदपत्रांवरील हस्ताक्षर आणि क्निपेनबर्ग यांनी जपलेली कागदपत्रे त्याच्या विरोधात गेली. ऑगस्ट २००४ मध्ये अमेरिकन तरुणीच्या खुनाबद्दल त्याला जन्मठेप झाली. जुलै २०१० मध्ये नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. २०१४ मध्ये भक्तपूरच्या न्यायालयाने कॅनडियन तरुणाच्या खुनाबद्दलही त्याला दोषी ठरविले. वार्धक्य व भोगलेली शिक्षा विचारात घेऊन सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये सुटकेचा आदेश दिला आणि वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्याची फ्रान्सला रवानगी झाली.

त्याच्यावर विपुल लेखन झाले आहे. रिचर्ड नेव्हिल व ज्यूली क्लार्क यांनी तिहारमधील भेटींच्या आधारे लिहिलेले चरित्र आणि टॉमस टॉम्पसन यांचे सर्पंटाइन ही दोन्ही पुस्तके १९७९ मध्ये प्रसिद्ध झाली व पुढील बहुतेक लेखन त्यांवर आधारलेले आहे. मैं और चार्ल्स (२०१५) हा हिंदी चित्रपट व द सर्पंट (२०२१) ही ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिका त्याच्या जीवनावर आहेत. यांपैकी बऱ्याच लेखनात व चित्रणात त्याच्या चातुर्याचे व रूपाचे वर्णन इतक्या रंगून येते, की त्याने लुटलेले लोक बहुधा श्रीमंत असावेत असा वाचकाचा समज व्हावा. वस्तुतः त्यांतील बहुतेक विशी-पंचविशीतील, तुटपुंज्या बचतीवर निघालेले प्रवासी होते. झेंडे यांच्या शोधकार्यावर आधारित इन्स्पेक्टर झेंडे हा हिंदी चित्रपट २०२५ मध्ये आला. पर्वरीच्या उपाहारगृहाने ज्या मेजाशी शोभराज पकडला गेला, तेथे त्याचा बसलेला पुतळा ठेवला.